नांगराला सुट्टी

शेती कशी करायची हे मला यंदा पहिल्यांदा कळलं, आणि कळलं ते असं की फारसं काही करायचंच नाही! भात कापला की पेंढा जाळायचा नाही, शेतातच पसरून ठेवायचा. जमीन नांगरायची नाही. धसकटं उभी असतानाच यंत्राने गहू सरळ पेरून टाकायचा आणि बांधावर जाऊन बसायचं. कृषी प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर मला सगळे स्वप्नाळू म्हणत आले (बायको याहून छोटा शब्द वापरते), आणि इथे माझ्या स्वभावाचं चक्क शास्त्र निघालं होतं.

माती उलथली नाही की तिच्यातली ओल टिकते, गांडुळं सुखाने राहतात, डिझेल वाचतं, धूर होत नाही. हे सगळं मी घरी येऊन जेवताना सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. बाबांच्या नांगरटीचं पंचक्रोशीत नाव. त्यांनी नांगराने ओढलेलं तास दोरी धरल्यासारखं सरळ. त्यांना नांगरू नका म्हणणं हे न्हाव्याला कात्री टाकून दे म्हणण्यासारखं होतं.

"रस्त्याकडचं शेत घे," बाबा म्हणाले. "गहू आला तर मी तोंड मिटून घेईन. नाही आला तर पुढच्या हंगामापासून तू मेहुण्याच्या दुकानात बसायचं."

मेहुण्याचं सिमेंट-सळईचं दुकान आहे. तिथे खिडकी नाही, आणि सिमेंट उडतं म्हणून पंखाही लावत नाहीत. तरीही मी हो म्हणालो.

पेरणी झाली, आणि मग ते दिवस सुरू झाले. त्यांची आठवण आली की अजून मी हातातलं काम विसरतो. सकाळी शेतावर धुकं उतरायचं. धसकटांच्या टोकांना कोळ्यांनी जाळी बांधलेली असायची आणि त्यांत दव अडकलेलं असायचं. पेंढ्याखाली उबदार अंधार, आणि त्या अंधारात कुठेतरी माझा गहू कूस बदलत असणार! झोपलेल्या बाळावरचं पांघरूण उचलून बघावं तसा मी पेंढा हळूच बाजूला करून बघायचो आणि परत नीट झाकून ठेवायचो. पांढरट कोंब दिसले त्या दिवशी मी तिथेच आडवा झालो. वर ढग चालले होते, कुठेच पोचायचं नसल्यासारखे. एवढं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. हे बायकोला सांगायची चूक मी केली.

पण रस्त्यावरून बघणाऱ्याला काय दिसत होतं? आजूबाजूची शेतं नांगरून काळीभोर, विंचरल्यासारखी; आणि मधोमध आमचं, दाढी वाढलेलं. त्यात बांधावर एकटाच हसत बसलेला मी. शेत वेळेवर नांगरलं नाही याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो: घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलंय. शेजारचे ट्रॅक्टरवाले काका बांधापाशी थांबले आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, जेवण जातं का? मी एका गांडुळाकडे बघत होतो. उत्तर द्यायचं राहून गेलं. काका डोळे पुसत गेले.

दुसऱ्या दिवसापासून घरी फळं येऊ लागली. बायको प्रत्येकाला सांगे की हे ठणठणीत आहेत, आत्ताच भरपेट जेवलेत. ती जितकं ठासून सांगे तितकं लोक म्हणत, बाई धीराची आहे. मेहुणा तर गळ्यात पडून रडला आणि दुकानातली एक खुर्ची माझ्यासाठी कायमची राखून ठेवतो म्हणाला. मला ते बोलणं मुळीच आवडलं नाही. बाबा मात्र त्या शेताचा विषय निघाला की उठून जात, आणि फिरायलासुद्धा रस्त्याने न जाता मागच्या वाटेने जात.

एक दिवस मी बायकोला घेऊन शहरात गेलो, प्रशिक्षणाच्या बाईंना कोंबांचे फोटो दाखवायला. मला मोठ्या डॉक्टरांकडे नेलंय, असं इकडे सगळ्यांनी ठरवून टाकलं. परत आलो तर बसमधून उतरतानाच आवाज कानावर पडला. तीन ट्रॅक्टर! माझ्या शेतात! आजारी माणसाला नांगरणीची तरी चिंता नको, म्हणून सगळे आपणहून आले होते. पेंढा उलथून मातीत जात होता आणि त्याच्याबरोबर माझे कोंब.

थांबा, थांबा म्हणत मी धावत सुटलो. काकांनी ट्रॅक्टरवरून उडी मारली, मला मिठीत धरलं आणि आणखी दोघांच्या मदतीने झाडाखाली निजवलं. कोणी तोंडावर पाणी शिंपडलं, कोणी तळपाय चोळायला घेतले.

"तू पडून राहा," काका म्हणाले. "आम्ही आहोत ना."

आत गहू आहे, असं मी परत परत सांगत होतो. बडबडतोय बिचारा, अशी काकांनी मान हलवली. बायको समजवायला गेली तर तिच्याही हातात कोणीतरी पाण्याचा पेला दिला. एव्हाना अर्धं शेत काळं झालं होतं. ट्रॅक्टर उरलेल्या अर्ध्याकडे वळले आणि मला चक्क सिमेंटचा वास येऊ लागला.

तेवढ्यात ट्रॅक्टर थांबले. समोर बाबा उभे होते, दोन्ही हात पसरून. जन्मभर नांगरत आलेला माणूस नांगराला आडवा आला होता.

"पुढे जाऊ नका," ते म्हणाले. "त्यात गहू उगवलाय. बोटभर झालाय. आज सकाळीच बघितलाय मी."

आणि वाकून त्यांनी पेंढा बाजूला केला, अगदी हलक्या हाताने, नेमका जिथे कोंब दाट होते तिथे. मागच्या वाटेने बाबा रोज कुठे जात होते ते मला तेव्हा कळलं. त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण माझे पाय अजून दोघांनी धरून ठेवले होते.

काका फार ओशाळले. नांगरलेल्या अर्ध्यात त्यांनी स्वतः पुन्हा गहू पेरून दिला. तो मागे पडला आणि दाणा भरायच्या वेळी त्याला उन्हाने गाठलं. न नांगरलेल्या अर्ध्यात पेंढ्याने ओल धरून ठेवली होती. तिथला गहू असा उभा राहिला की वारा सुटला की कोणीतरी त्यावरून सावकाश हात फिरवतंय असं वाटे. कापणीच्या दिवशी बाबांनी दोन्हीकडचे दाणे तोंडात टाकून चावून बघितले आणि म्हणाले, तू जिंकलास, पुढच्या वर्षी सगळीच शेतं अशी.

मी तरंगत होतो! सगळ्या शेतांवर पेंढ्याची दुलई, आणि सगळ्या बांधांवर मी! त्याच तंद्रीत मी त्यांना पुढचंही सांगून टाकलं. भातसुद्धा थेट पेरता येतो, चिखलणी नको, लावणी नको, पाणीही कमी लागतं. बाबांनी एकेक बोट दुमडत हिशेब केला.

"म्हणजे नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही," ते म्हणाले. "मग शेतात दोन माणसं कशाला? मी एकटा पुरतो. बांधावर बसायला मलाही आवडायला लागलंय."

तर हे सगळं मी मेहुण्याच्या दुकानातून लिहितोय. समोर एक गिऱ्हाईक मघापासून उभं आहे. बहुधा त्याला सिमेंट हवंय.