सासूबाईंचा अवघड प्रश्न

कंपनीच्या ग्राहक परिसंवादात बोलायचं म्हणजे काय मोठं! वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रार खिडकीवर बावीस वर्षं काढलेल्या बाईला कोण बोलायला शिकवणार? दिवसाला साठ भडकलेली माणसं मी थंड करून घरी पाठवते!

घरी मी हे छाती पुढे काढून सांगितलं खरं, पण मनातून पुरती घाबरले होते. कारण साहेब सरळच म्हणाले होते, "खिडकी बंद करून फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज बसवायचा विचार आहे. परिसंवादाला मी समोर बसणार. खिडकी का हवी, ते तिथेच पटवून द्या." म्हणजे मी अडखळले की मी आणि खिडकीवरच्या माझ्या दोघी मैत्रिणी कायमच्या घरी!

मग तयारी सुरू झाली. आमच्या ह्यांनी कंगव्याचा माइक केला आणि स्वतःच लिहिलेलं भाषण माझ्या हातात कोंबलं. पहिलंच वाक्य, "ग्राहकाभिमुख संवादप्रक्रियेचे बहुआयामी स्वरूप!"

"अहो, हे एका दमात म्हणायचं?"

"वजन पडतं!" हे म्हणाले.

पडलं, माझ्या जिभेवर.

श्रोते म्हणून सोफ्यावर सासूबाई. निवृत्त मुख्याध्यापिका! भल्याभल्या पोरांना त्यांनी फळ्यापाशी घाम फोडलेला. मी म्हटलं, "आई, तुम्ही मला अवघडात अवघड प्रश्न विचारा. अजिबात दयामाया नको." हीच माझी घोडचूक! चार दिवस त्या नुसत्या डोळे बारीक करून बसल्या. विचारलं की म्हणायच्या, "चांगला प्रश्न आहे माझ्याकडे. ऐनवेळी विचारीन."

मला वाटलं, गंमत करतायत.

परिसंवादाच्या दिवशी सभागृह गच्च! शेजारच्या खुर्चीत तो फोनवरचा आवाज विकायला आलेला रेकॉर्डवाला, कडक टायमध्ये. तो आधी बोलला. "आवाजाची तक्रार असेल, तर चार दाबा!" काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मग मी उठले. "ग्राहकाभिमुख संवादप्रक्रियेचे बहु... बहुआ... बहू..." पुढे गाडी हलेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं. माझ्या मैत्रिणींनी माना खाली घातल्या. संपलं सगळं!

सूत्रसंचालकाला माझी कीव आली असावी. "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

तिसऱ्या रांगेतून एक हात ताठ वर गेला. सासूबाई!

"आमचं मशीन आठ महिने आवाज करतंय," त्या माइकवर खणखणीत म्हणाल्या. "तुमच्या खिडकीवरच्या बाईला मी रोज सांगते. ती 'हो, हो' म्हणते आणि निघून जाते. काय करायचं?"

ती बाई कोण, हे सभागृहात फक्त मला, ह्यांना आणि सासूबाईंना ठाऊक! धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण बावीस वर्षांची सवय हो! भाषण बाजूला सरकवून हाताने आपोआप पेन उचललं.

"आवाज कसा येतो?"

"घर्रर्र... टक! घर्रर्र... टक!"

"पाणी भरताना, की कपडे पिळताना?"

"पिळताना."

"मशीन रिकामं असलं तरी?"

"तरी!"

"टक एकदाच, की प्रत्येक फेरीला?"

सासूबाईंनी हात गोल फिरवून तीन फेऱ्या करून दाखवल्या. तीन टक!

"ड्रमच्या भोकातून हेअरपिन खाली गेलीय," मी म्हटलं. "मोटर ठणठणीत आहे, घाबरू नका. चोवीस तासांत दुरुस्ती होईल."

टाळ्या! आणि लगेच मागून एक गृहस्थ उठले. "आमचं चीं चीं करतं!" पट्टा सैल झालाय. एक बाई उठल्या. "आमचं धडाम धडाम करत भिंतीपासून पुढे चालत येतं!" खालचा एक पाय आखूड आहे, फिरवून सारखा करा. सभागृहाची पार लाँड्री झाली! कुणीतरी रेकॉर्डवाल्याला विचारलं, "चीं चींला कुठला आकडा दाबायचा?" त्याने पाणी प्यायला घेतलं.

शेवटी खुद्द साहेब उभे राहिले. टाय सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "बुडबुड... बुडबुड... फुस्स!"

"पाणी जायची नळी दुमडलीय, साहेब. सरळ करा."

साहेबांनी माइक ओढून घेतला. "खिडकी राहणार! वर आणखी दोन माणसं देणार!"

मैत्रिणी धावत स्टेजवर आल्या. मी तर भर सभेत रडले! इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

हातात भलामोठा पुष्पगुच्छ घेऊन खाली उतरले, तर पायरीशी सासूबाई. वाकून पाया पडणार, तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला.

"तक्रार क्रमांक दे."

"आई, मी घरीच येतेय की!"

"घरी तर आठ महिने सांगत होते!"

मी मुकाट्याने क्रमांक लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, खाली माझी सही घेतली आणि नीट पर्समध्ये ठेवली.