नेहमीच खरं असणारं वाक्य

ऑस्मोने पाणी उकळवलं आणि ताउनोच्या तोंडचं पाणी पळालं.

गेला आठवडाभर ताउनो एकच इंग्रजी वाक्य घोकत होता : पाणी शंभर अंशांना उकळतं. दाढी करताना, अंगणातला बर्फ उपसताना, रात्री कूस बदलतानासुद्धा. नेरिसबाईंनी प्रत्येकाला साध्या वर्तमानकाळातलं एक वाक्य तयार करून आणायला सांगितलं होतं. काल खरं होतं, आज खरं आहे आणि उद्याही खरंच राहील, असं वाक्य. आणि आता सोसायटीचा अध्यक्ष ऑस्मो, ज्याला सगळीकडे आधी बोलायची सवय, तेच वाक्य खणखणीत म्हणून खाली बसला होता.

वर्ग दर बुधवारी फिनलंडमधल्या त्या सोसायटीच्याच तळमजल्यावरच्या खोलीत भरायचा. नेरिसबाई मूळच्या वेल्सच्या, गावातल्या गुरांच्या डॉक्टरची बायको. विद्यार्थी सगळे निवृत्त. ताउनो आणि त्याची बायको हिल्का आले होते ते नातवापायी. मुलगी लीड्सला स्थायिक झालेली, नातू फोनवर इंग्रजीत भडाभडा बोलायचा आणि हे दोघं फोनकडे बघून नुसते हसायचे.

ऑस्मोनंतर हिल्का उठली आणि पुस्तकातलं वाक्य म्हणाली, की सूर्य पूर्वेला उगवतो. तिसऱ्या मजल्यावरची रौहा लगेच म्हणाली, "डिसेंबरात आपल्याकडे तो दक्षिणेला उगवतो. तेही त्याच्या मनात आलं तर."

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. रौहाचं म्हणणं खोडून काढण्यासारखं बाहेर काही नव्हतं. नेरिसबाई हसल्या आणि म्हणाल्या, पुस्तक राहू द्या, आपापल्या घरातलं खरं सांगा. हं, ताउनो, तुम्ही.

इथल्या लोकांची एक रीत आहे. घरातलं ते घरात सांगत नाहीत, मग बाहेर कुठून सांगणार? शेजाऱ्याशी हवेबद्दल बोलतील, पण त्यासाठीसुद्धा हवा बदलावी लागते. इंग्रजीचं मात्र वेगळं होतं. त्या भाषेतले शब्द ताउनोला भातुकलीतल्या भातासारखे वाटायचे, वाढले काय आणि सांडले काय. तो उभा राहिला, येत होते तेवढे शब्द गोळा केले आणि बोलून गेला.

"सौना गरम असतो. मला गरम आवडत नाही. शनिवारी मी आत जात नाही. मी बाहेर बसतो. मी सॉसेज खातो."

नेरिसबाईंनी टाळ्या वाजवल्या. एकही चूक नाही म्हणाल्या आणि पाचही वाक्यं त्यांनी फळ्यावर लिहून काढली. सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग ताउनोकडे. फिनलंडमध्ये माणसाने देव मानला नाही तरी चालतं, पण सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, आवडत नाही असं म्हटल्यावर त्याच्याकडे काळजीने बघतात. शिवाय डॉक्टरांनी ताउनोचं मीठ बंद केलेलं, त्यामुळे सॉसेज हा निराळाच गुन्हा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हिल्का मात्र कपात कॉफी ओतत राहिली.

रौहाने त्याला जिन्यातच गाठलं. सोसायटीला सौना एकच, तळघरात, अंगणाकडे दार असलेला. प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास ठरलेला. शनिवारी संध्याकाळी सहाचा तास म्हणजे सोन्याचा तुकडा, आणि तो ताउनोच्या घराकडे त्याच्या आईवडिलांपासून होता. पहिला अर्धा तास हिल्काचा, दुसरा ताउनोचा. रौहाच्या वाट्याला मंगळवारची दुपार होती आणि नवरा असताना त्याने शनिवारसाठी घातलेला अर्ज त्याच्यामागेही तसाच पडून होता.

"नियम ठाऊक आहे ना तुला, ताउनो?" ती म्हणाली. "जो आपला तास वापरत नाही, त्याचा तास पुढच्याला."

ऑस्मो मध्ये पडला. ताउनो जे बोलला ते इंग्रजीत बोलला, आणि इंग्रजीतलं सोसायटीच्या इतिवृत्तात घेता येत नाही, असं त्याचं मत पडलं. ताउनोलाही धीर आला. ते नुसतं सरावाचं वाक्य होतं, म्हणाला, खरं थोडंच होतं.

"म्हणजे बाईंनी खरं सांगा म्हटलं आणि तू खोटं सांगितलंस?"

आता पुढे आड आणि मागे विहीर. ताउनोला वाफेची हौस मुळीच नव्हती, पण तो अर्धा तास त्याला जिवापाड प्यारा होता. आठवड्यातला तेवढाच वेळ त्याला कुणी लापशी देत नसे, गोळ्यांची आठवण करून देत नसे. तो वाचवायच्या घाईत ताउनो बोलून बसला, की येत्या शनिवारी ऑस्मोने माझ्याबरोबर आत बसावं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

घरी हिल्काने लापशी वाढली. दुसऱ्या दिवशीही लापशीच वाढली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं ताउनोला वाटायला लागलं.

शनिवारी ऑस्मो टॉवेल आणि पाण्याची बादली घेऊन हजर झाला. तो सगळ्यात वरच्या फळीवर बसला आणि त्याने ताउनोलाही प्रेमाने वरच बसवलं. मग तापलेल्या दगडांवर डावभर पाणी टाकलं. वाफ चढली. ताउनोचे कान भाजले. ऑस्मोने सुखाने उसासा सोडला आणि आणखी एक डाव टाकला. ताउनो मधल्या फळीवर आला, मग खालच्या, मग जमिनीवर. त्यातच दगडांच्या फटीतून खमंग वास यायला लागला. हाताला सवय ती सवय. दर शनिवारसारखं ताउनोने सॉसेज फॉइलच्या कागदात गुंडाळून आधीच तिथे ठेवून दिलं होतं.

"अरे वा," ऑस्मो वरून म्हणाला. "मोहरी आणलीयस का?"

उत्तर द्यायला ताउनो जागेवर नव्हता. तो रांगत दारापर्यंत गेला होता आणि पाय आत, डोकं बाहेर असा उंबऱ्यावर आडवा पडला होता. बाहेर बाकावर रौहा विणकाम घेऊन बसली होती. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि विणकाम पिशवीत ठेवलं.

ऑस्मो न्यायी माणूस. त्याने साक्ष दिली की ताउनोचा निम्मा भाग पूर्ण वेळ आत होता आणि किती भाग असावा हे नियमात लिहिलेलं नाही. पण अर्धं सॉसेज त्याच्याच पोटात गेल्यामुळे रौहाला ही साक्ष काही पटली नाही.

बुधवार उजाडला. नेरिसबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. मागच्या वेळी छान झालं, म्हणाल्या, आज पुन्हा घरातलंच सांगा. रौहा तयारीनिशी उठत होती, तेवढ्यात हिल्का उभी राहिली. ताउनोने मान खाली घातली. इंग्रजीत ती सावकाश बोलत होती, त्यामुळे एकेक शब्द सगळ्यांना कळत होता.

"माझा नवरा शनिवारी बाहेर बसतो. मला माहीत आहे. तो सुखी असतो. घर रिकामं असतं. मी रेडिओ लावते. मी टँगो नाचते. एकटी. मीही सुखी असते."

हिल्काने घोटभर कॉफी घेतली.

"तो चोरून सॉसेज आणतो. दुकानातली बाई माझी मैत्रीण आहे. ती त्याला बिनमिठाचं देते."

ताउनोने मान वर केली. गेली कित्येक वर्षं तो मनातल्या मनात सॉसेजच्या कारखान्याला शिव्या घालत होता, की पूर्वीची चव राहिली नाही. बायकोचा राग तर आलाच, पण तिने इतकी वर्षं आपला अर्धा तास सांभाळला हे कळून तिच्याबद्दल मायाही वाटली. दोन्ही एकदम सांगण्याइतकं इंग्रजी त्याच्याजवळ नव्हतं. तो नुसता "यस" म्हणाला.

मग हिल्का रौहाकडे वळली आणि आपल्या भाषेत बोलली. "त्याचा अर्धा तास तू घे. आत नुसती वाफ वाया जाते. मात्र तो बाहेर बाकावर बसतो तसा बसू दे, नाहीतर घरी येईल."

रौहाला नाही म्हणायला जागा नव्हती. ऑस्मोने ठराव इतिवृत्तात घेतला.

पुढच्या शनिवारी ताउनो बाकावर बसला होता. वरच्या खिडकीतून टँगो अगदी बारीक ऐकू येत होता. दार उघडून रौहा बाहेर आली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, लालबुंद, नवरा गेल्यापासून कुणी पाहिली नव्हती इतकी खुशीत. दगडावरचं सॉसेज तिने त्याच्या हातात दिलं. मग झग्याच्या खिशातून कागदाची एक छोटी पुडी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि सॉसेजवर चिमूटभर मीठ भुरभुरवलं.

"बुधवारी वर्गात बोललास," ती म्हणाली, "तर तुझी माझी ओळख नाही."

ताउनोने एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि बुधवारी वर्गात उभं राहून सांगून टाकलं की पाणी शंभर अंशांना उकळतं.