शेठच्या मांडीवर कोंबडा

"मोठा देणगीदार सांभाळायला वेगळा माणूस? कशाला? मी मेलो का!"

योहान जीपखालून ओरडला. नवापूरच्या डोंगरातल्या त्या छोट्या संस्थेत योहान म्हणजे एकटाच अख्खी वरात! संचालक तोच, ड्रायव्हर तोच, मिस्त्री पण तोच. काम एकच, दिवस भरलेल्या बायकांना पाड्यावरून दवाखान्यात पोचवायचं. पण जीप आता दमेकरी म्हातारीसारखी खोकायची. चढ आला की पेशंटबाईच खाली उतरायची, ढकलायला!

नंदुरबारचे मिरचीवाले जेठमलशेठ नवी गाडी द्यायला तयार झाले होते. आज ते बायकोला, तारादेवींना, घेऊन काम बघायला येणार होते.

"शेठचे चार फोन येऊन गेले. उलटा फोन केला का?" प्रिस्किला नर्सनं विचारलं.

"हाताला ग्रीस होतं! येतीलच की, तेव्हा विचारतील."

तरी तयारी जोरदार! शेठ जैन, मटण-मच्छी चालणार नाही, एवढं योहानला कळत होतं. म्हणून खास बेत केलेला. बटाट्याची भाजी, कांदाभजी, लसणाची चटणी!

प्रिस्किलानं कपाळावर हात मारला. "अरे, जमिनीखालचं काहीच खात नाहीत ते!"

"मग खातात तरी काय?"

"तेच विचारायला माणूस पाहिजे ना!"

आणि संस्थेला लागूनच्या पाड्यावर? तिथं योहाननं फक्त एवढंच सांगून ठेवलं होतं, मोठा पाहुणा येतोय. झालं! शेठ खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच पाड्यावरचा म्हातारा रेंग्याबाबा आला आणि त्यांच्या मांडीवर लालभडक, जिवंत कोंबडा ठेवला.

शेठ हरखले. "वा! कितला सुंदर शे! नाव काय याचं?"

"नाव कशाला?" रेंग्याबाबा प्रेमानं म्हणाला. "पसंत आहे ना? दुपारी याचाच रस्सा!"

शेठनी कोंबडा असा छातीशी कवटाळला की कोंबडाच घाबरला. "नही! मी याले सोडाव नही!"

"योहानभाऊ, हे काय चालू शे?" तारादेवी कडाडल्या.

योहान जीपखालून बाहेर आला. तोंड काळं, हात काळे, आणि नवी गाडी डोळ्यांदेखत चाललेली! तेवढ्यात शेजारच्या झोपडीतून किंकाळी आली. रेंग्याबाबाची सून सुसाना! कळा सुरू झाल्या!

योहाननं उडी मारून चावी फिरवली. जीप खोकली. परत खोकली. मग गप्प!

"आमन्ही गाडीमा बसाडा तिले!" तारादेवी ओरडल्या.

शेठची चकचकीत गाडी निघाली. मागं सुसाना, एका बाजूला प्रिस्किला, दुसऱ्या बाजूला तिचा हात धरून तारादेवी. पुढं योहान ड्रायव्हर. शेजारी शेठ आणि मांडीवर कोंबडा! सुसाना ओरडली की कोंबडा ओरडायचा, कोंबडा ओरडला की शेठ!

दवाखान्यात तासाभरात मुलगी झाली. दोघी सुखरूप. तारादेवींच्या मनगटावर सुसानाच्या पाच बोटांचे वळ उठलेले, आणि त्या ते वळ सगळ्यांना कौतुकानं दाखवत होत्या.

योहान शेठसमोर आला. हात जोडून उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी पुसायला गेला तर ग्रीस गालभर!

"शेठ, तुमची गाडी नसती तर..."

"गाडी देसू," शेठ म्हणाले. "पण आधी माणूस ठेव. त्याचा पगार बी मी देसू. चार फोन करात तुले! गाडी कोणती पाहिजे, एवढंच विचारनं होतं. तू बायका सांभाळ रे. आमले सांभाळाले दुसरं कोणी पाहिजे!"

महिन्याभरात लोणखेड्याची अल्पना कामाला लागली. नव्या गाडीचा फोटो, सुसानाच्या पोरीचा फोटो, सगळं शेठना वेळेवर जाऊ लागलं. तिकडून कोंबड्याचे फोटो येतात. तो आता मिरचीच्या पोत्यांवर बसतो, कुणाच्या बापाला भीत नाही.

परवा योहाननं अल्पनाची वही उघडली. पहिलंच पान.

"जेठमलशेठ. कंदमुळं नाहीत. सूर्यास्तानंतर जेवण नाही. फोन पहिल्या रिंगला उचलावा. योहानभाऊंना देऊ नये!"

योहाननं इकडंतिकडं पाहिलं. खिशातून पेन काढलं, आणि खाली मुकाट्यानं सही केली.