शौक कोणता?

गांधीबागेतल्या सूत वाटप मंडळाचे हेडक्लार्क कृष्णकांतजी यांना एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत हृदयविकाराचा झटका आला. ही बाब नियमबाह्य होती. कारण मागच्याच महिन्यात मंडळाने त्यांना 'आदर्श निर्व्यसनी कर्मचारी' म्हणून शाल आणि नारळ दिला होता. विडी नाही, दारू नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा तर नाहीच; चहासुद्धा ते पाहुणा आला तरच घेत. अशा माणसाने खाट धरावी, हा शालीचा उघड अपमान होता.

दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण उशाशी संत्री ठेवी आणि हळूच विचारी, "शौक कोणता होता?"

"कोणताच नाही," म्हटलं की त्याचा चेहरा पडे. एखादा शौक निघता तर तो निश्चिंत मनाने घरी जाता. आता त्याचा हात नकळत स्वतःच्याच छातीकडे जाई. तक्रारी वाढल्या, तेव्हा मंडळाने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष भैय्याजी, गालात खर्ऱ्याचा तोबरा. सोबत टिपणं घ्यायला टायपिस्ट उत्तराबाई.

"कारणाशिवाय आजार मंजूर करता येत नाही, भाऊ," भैय्याजी खिडकीबाहेर थुंकून म्हणाले. "लपूनछपून काही खात असाल तर सांगून टाका. काहून साऱ्यांले तरास देऊन राहिले?"

"मी काहीच खात नाही."

"घरी तर जेवता ना?" उत्तराबाईंनी पेन्सिल सरसावली आणि कृष्णकांतजींच्या बायकोकडे वळल्या. "प्रेमिलावहिनी, भाजीवर तर्री किती राह्यते तुमच्या?"

प्रेमिलाबाईंनी हातातली पेजेची वाटी खाली ठेवली. दाराशी उभ्या नात्यातल्या बायकांत लगेच कुजबुज सुरू झाली, की बिचाऱ्याला तेल पाजून पाजून आडवं केलं. झटक्याने दुखलं नव्हतं एवढं कृष्णकांतजींना हे दुखलं.

"खर्रा," ते म्हणाले. "मी चोरून खर्रा खात होतो."

खोलीत आनंदीआनंद झाला. भैय्याजींनी प्रेमाने त्यांचा हात हातात घेतला. 'आजार स्वकष्टार्जित' असा शेरा पडला. शाल परत घ्यावी असं ठरलं. नारळाची चटणी होऊन गेलेली असल्याने तो माफ झाला. जिना उतरता उतरता भैय्याजींनी नवी पुडी सोडली.

"आपलं बरं आहे, उत्तराबाई," ते म्हणाले. "आपण खुल्लमखुल्ला खातो. त्यानं चोरून खाल्ला, म्हणून बाधला."

वर खोली रिकामी झाली होती. प्रेमिलाबाईंनी संत्रं सोललं, शिरा काढल्या आणि एक फोड नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"खरंच खात होते तुम्ही?"

"नाही वं. तुले बोल लागू नये म्हणून म्हटलं."

त्यांचे डोळे भरून आले. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं त्यांना मनापासून वाटलं. मग त्यांचा हात संत्र्यावरच थबकला.

"मंग झालं कसं?"

कृष्णकांतजींनी फोड तोंडात टाकली आणि कूस बदलली. त्यांचा डोळा लागल्यावर प्रेमिलाबाई उठल्या आणि खुंटीवरच्या सदऱ्याचे खिसे त्यांनी उलटे करून पाहिले. आत फक्त धुतलेला रुमाल निघाला. वाचकहो, तुम्हीही त्यांच्या खांद्यावरून वाकून बघतच होतात. रुमाल पाहून तुमचीही जरा निराशाच झाली ना?