गावाच्या नजरेचं भिंग

कुंभकोणमच्या छायाचित्रकारांना चष्मे लागले, ही गोष्ट कोणत्याही कचेरीची पूर्वपरवानगी न घेता घडली होती. पुढचं सगळं त्यातूनच उद्भवलं.

त्यांतल्या व्यंकोजीरावांची अडचण साधी. चष्मा घालून कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावावा, तर काचेवर काच आपटे आणि कडेचे व्याही चौकटीबाहेर राहत. चष्मा काढावा, तर अख्खं लग्नच पुसट. या खिडकीवर बसणारं नंबराचं भिंग जर्मनीत मिळत होतं. संक्रांतीला लागणाऱ्या तै महिन्यात लेक जयलक्ष्मी लग्न होऊन कलकत्त्याला जाणार होती. ऊंजलवर, म्हणजे वधूवरांच्या झोपाळ्यावर, बसलेल्या लेकीचा एक स्पष्ट फोटो आपल्या हातानं काढावा, एवढाच त्या बापाचा हट्ट होता.

आयात परवाना कचेरीतले गुरुमूर्ति सहृदय गृहस्थ होते. "परकीय चलनाची टंचाई आहे," ते म्हणाले. "गावाला एकच भिंग मिळेल. नंबर सर्वांना सोयीचा हवा."

छायाचित्रकार संघाची तातडीची सभा भरली. कुणाला लांबचं दिसेना, कुणाला जवळचं. चिटणीस राधाकृष्ण यांनी सगळ्यांचे नंबर मिळवून सरासरी काढली. अधिक-उणे एकमेकांत जिरून उत्तर शून्य आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. गावाची नजर निर्दोष ठरली होती!

"शून्य नंबर म्हंजे साधी काच की हो!" व्यंकोजीराव म्हणाले.

"आयात केलेली काच," चिटणिसांनी दुरुस्ती केली. शिवाय मंजूर भिंगापुढे खासगी चष्मा घालणं हा संघाचा अपमान समजला जाईल, असा ठरावही झाला.

लग्नात प्रमुख पाहुणे अर्थातच गुरुमूर्ति. त्यांची खुर्ची झोपाळ्यापुढेच, अंमळ बाजूला मांडली होती. व्यंकोजीरावांनी मंजूर भिंग कॅमेऱ्यावर बसवलं आणि चष्मा खिशात घातला. समोर नुसता रेशमी रंग हलत होता.

"अप्पा, मी दिसत्यें की?"

"दिसत्येस, बाळे," ते म्हणाले. लेकीशी ते पहिल्यांदाच खोटं बोलले, आणि त्यांना रडू आलं.

फोटोत गुरुमूर्तींच्या मिशीचा केस न् केस उमटला. नवरीच्या जागी धुकं होतं. योजनेच्या यशाचा पुरावा म्हणून कचेरीनं तो मोठा करून भिंतीवर लावला. गावातली प्रतिष्ठित मंडळी येऊन पाहून गेली. नवरी किती गोड दिसते, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

कलकत्त्याहून जयलक्ष्मीनं एक प्रत मागवली. व्यंकोजीरावांनी अजून धाडलेली नाही.

तुम्हीही कधी त्या कचेरीत गेलात, तर फोटोसमोर उभं करून साहेब विचारतील, "नवरी दिसली ना?" दिसली म्हणा. तुमचाही अर्ज तिथंच पडलेला असेल.