लोखंड बोलते गा!

घर किरायानं द्याच्या दिवशी आमच्या काकाजीनं बोटानं पहिले भिंत ठोकून पायली, मंग नळाचा पाइप ठोकला, अन् मंग माझं डोस्कं. "पाइप भरून हाय," म्हणे. "डोस्कं खाली हाय, रिकामं. राय मंग, काही हरकत नाई."

तवापासून सक्करदऱ्यात मी काकाजीचा किरायेदार. गच्चीवरच्या खोलीत काकाजी, एकटे. काकू वारल्या तवा त्याईनं खालचं सारं घर आमाले देल्लं. काकूचं सैपाकघर आता माझ्या बायकोचं, सुनंदाचं.

काकाजीले ठोकाची लय सवय. टरबूज ठोकतेत, मटका ठोकतेत, पावण्याची पेटी ठोकतेत. पण खरा जीव पाइपावर. सारं घर जुन्या लोखंडी पाइपाचं. सकाळी नळ याच्या येळेले काकाजी पाइपाले कान लावून उभे.

"खोकून राहिला गा आज. कफ हाय."

"काढा देऊ का त्याले, काकाजी?" मी विचारलं. त्याईनं माझं डोस्कं ठोकलं.

कफ होता, ते खरं. नळाले पाणी येये ते लालभडक. माझी तर्री-पोह्याची गाडी, पोह्यावर लाल तिखट रस्सा. एक गिऱ्हाईक गिलास पाहून म्हणे, "भाऊ, तर्री गिलासात काहून देल्ली?" दुसरा तं गिलास पोह्यावर ओतून खाऊन गेला अन् वरून म्हणे, आज तर्री फिक्की होती. मी म्हटलं, उद्या तेज करतो.

सुनंदा भडकली. "काकाजीले सांगा, सारे पाइप बदला. नाई तं मी कन्हानले माहेरी जातो. तिकडचं पाणी पाण्यासारखं तरी दिसते."

मी वर गेलो. काकाजीपुढं माझी जीभ तशीही लटपटते. म्हटलं, "काकाजी, ते प्लास्टिकचे पाइप भेटतेत आजकाल..."

"लोखंड बोलते गा," काकाजी म्हणे. "प्लास्टिक मुकं असते. मुक्या घरात मानसानं कसं राहावं?"

मले पटलं. हो म्हणून खाली आलो.

"तुमाले पाइप बदलाले धाडलं होतं का मत बदलाले?" असं म्हणून सुनंदा सोता वर गेली, अन् चहा उकळाच्या आत काकाजीले राजी करून आली. एकच अट होती. सैपाकघरातून जो सरळ गच्चीवर जाते, त्या पाइपाले हात लावाचा नाई.

सलीमभाई प्लंबर आला. भित्या फोडल्या, मोऱ्या फोडल्या, घर असं झालं का पावणा दारातूनच वापस जाये. मीही मदत केली. पाना घेतला, जोर लावून नट फिरवला. उलटा. सालभरात केली नसंन तेवढी आंघोळ मी त्या दिवशी एकदाच केली, कपड्यासकट.

सलीमभाईनं माझ्या हातातून पाना घेतला. "भाईसाब, आप पोहे बनाओ."

सारे पाइप बदलले. उरला तो एकच. सलीमभाई म्हणे, "ये रहा तो नये पाइप में भी जंग का पानी जाएगा. फिर वही लाल." सुनंदानं माझ्याकडं पायलं. मी गच्चीकडं पायलं. मंग गेलोच वर.

काकाजी खाटेवर बसून होते. मी सांगितलं. त्याईनं म्हटलं, "काप मंग." माझं डोस्कंही ठोकलं नाई.

खाली सैपाकघरात सलीमभाई लोखंड कापाची आरी घेऊन तयार. मी म्हटलं, थांब बाप्पा, जाता जाता पाहू तं खरं लोखंड बोलते का. वट्यावर पोहे हलवाचा सराटा होता. उचलला अन् पाइपावर हाणला. टण, टण... टण!

वरून आवाज आला, "आलो वं, आलो!"

मी मागं वळून पायलं. आमच्याकडं वं बाईले म्हणतेत, गड्याले गा, अन् सराटा तं माझ्या हातात.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. काकाजी शर्टाच्या गुंड्या लावत दारात आले. "साखर टाकली का वं..." अन् त्याईले मी दिसलो, मिशा अन् सराटा घेऊन उभा. हात गुंडीवरच राहिला.

मी चौथी नापास मानूस, पण काकू चहाले कशा बोलवत, तेवढं समजलं मले. सलीमभाईनं आरी हळूच खाली ठेवली.

"बसा काकाजी," सुनंदा म्हणे. "चहा गाळूनच राहिली." गॅसवर काही नव्हतं. तिनं मंग चहाचं गंज ठेवलं.

त्या दिवशी सलीमभाईनं तो पाइप वरून, खालून, दोन्हीकडून तोडून नळापासून अलग केला, अन् बाजूनं प्लास्टिकचा नवा टाकला. आता लोखंडाचा पाइप उगाच भिंतीले धरून उभा हाय, कोरडा. चहा झाला का सुनंदा सराट्यानं वाजवते अन् वरून "आलो वं" येते.

परवा ती माहेरी होती. चहा मी केला अन् वाजवाले गेलो, तं हात थांबला. पुन्हा मिशाच दिसतीन ना काकाजीले. पण चहा थंडा होऊन राहिला होता, म्हणून वाजवला.

"आलो गा!"

काकाजी उतरले. चहा पेले, तोंड वाकडं केलं, पण सारा पेले. जाताना बोटानं पाइप ठोकला, मंग माझं डोस्कं.

"आता दोन्ही खाली," म्हणे. "राहू दे दोन्ही."