कवसाबाईची सवत

कवसाबाईच्या म्हशीचं नाव सवत होतं.

आधी ते चांदी होतं. पण तिचा नवरा सोनाजी अकोल्याला कापूस घालून परत आला, तो गाडीत सोळा-सतरा वर्षांची मंजुळा बसवून. कवसाबाईनं दारात येऊन तिला पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आंगोयीले पाणी ठेवू का?" दुसऱ्या दिवशी म्हशीचं नाव बदललं.

आमची आणि त्यांची भिंत एकच. सकाळी धारेच्या वेळी पलीकडून ऐकू यायचं, "ऊठ व सवते! दुसऱ्याच्या गव्हाणीत तोंड घालाले लाज नाई वाटत? खाऊन खाऊन कशी फुगली पाय!" म्हैस निवांत रवंथ करायची. चुलीपाशी बसलेल्या मंजुळेच्या हातातली भाकर मात्र तव्यावर वाकडी पडायची.

एकदा सोनाजी भडकला. "बस कर आता!"

"मी तं म्हशीले बोलून राहिली," कवसाबाई म्हणाली. "तुमाले काहून झोंबलं?"

तो गाडी जुंपायला गेला.

मंजुळेच्या तोंडावर मात्र तो शब्द तिनं कधी काढला नाही. "मंजे, जेव." "मंजे, पदर सावर, जाळाशी बसली हायेस." विहिरीवर बायका मुद्दाम खोड काढायच्या, "कवसाबाई, सवत कशी हाये?" ती घागर उचलता उचलता म्हणायची, "दूध कमी देऊन राहिली."

शब्दांच्या बाबतीत बाई फार कडक. एकदा पाण्यावरून माझं एकीशी भांडण झालं आणि मी तिला वैरीण म्हणाले. कवसाबाईनं मला तिथंच थांबवलं. "वैरीण? तिनं आग लावून तुहं घर जायलं का? लेकरू मारलं का? घागर फोडली फक्त. ते भांडखोर हाये, वैरीण नाई. वैरी मोठा शब्द हाये, चंद्रे. असा कोणालेही देऊ नोको." तिचा दीर संपत जमिनीवर डोळा ठेवून होता. त्याला ती दावेदार म्हणायची. "दुश्मन बाहेरून येते," म्हणायची, "दावेदार आपल्याच ताटात जेवते." संपत खरोखरच त्या वेळी तिथं जेवत बसलेला असायचा.

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस अडल्यामुळं आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सोनाजीनं आधी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, मग दुसरी बायको आणली. ज्याच्या त्याच्या वावरात कापूस. ज्वारी पेरायला कोणी तयार नव्हतं. अंगावर चांदी आणि टोपल्यात भाकर नाही, अशी घरं मी पाहिली. "शेंब्या उकडून खा मनाव," कवसाबाई म्हणायची.

उन्हाळ्यात सोनाजी कापसाच्या गाड्या घेऊन निघाला आणि मूर्तिजापूरच्या मुक्कामावर पटकीनं गेला. सोबतच्या गाडीवानांनी त्याला तिथंच जाळलं. घरी आले ते बैल.

सुतकाचे दिवस पुरे होतात न होतात तोच संपतनं चावडीवर पंच बसवले. त्याचं म्हणणं सरळ होतं. "मोठी वहिनी माह्या डोक्यावर. तिले जलमभर पोसतो. पण हे मंजुळा कोण? लगन कोणं पायलं? भावानं रस्त्यातून उचलून आणलेली बाई. तिले घरात जागा नाई."

मंजुळा खांबाला टेकून उभी होती. माहेरी तिचं कोणी उरलं नव्हतं. घरातून तिला बाहेर काढलं असतं, तर ती कुठं गेली असती हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पाटलांनी कवसाबाईला विचारलं. तिनं पदर पुढं ओढला होता, पण आवाज रोजचाच.

"पाटील, हे माही सवत हाये."

मागं कोणी तरी फिसकन हसलं. गावाला म्हैस माहीत होती. कवसाबाईनं मान वळवून पाहिलं, तसा तो गप्प झाला.

"ठेवलेल्या बाईले सवत मनतात काय? सवत म्हंजे नवऱ्याची बायको. जेवढी मी, तेवढीच ते. लगन कोणं पायलं, इचारते हा दावेदार. मी तीन सालं लाकडावानी जयली हावो तिच्यापायी. माह्याहून पक्का गवाह कोण पायजे तुमाले?"

पंच आपसात कुजबुजले. शेवटी पाटील म्हणाले, "कोणती बाई आपल्या जिवावर खोटी सवत ओढून घेईन?" मंजुळा घरात राहिली.

परत येताना मी हळूच विचारलं, "बाई, लगन झालं होतं का खरंच?"

"मले काय मालूम? मी काय अक्षता टाकाले गेली होती?"

पावसाळ्यात पटकी आमच्या गावात आली. मंजुळेला सकाळी ढाळ-वांती सुरू झाली आणि दुपारी ती गेली. संपत आला नाही. गल्लीतली दारं लागली होती. माझे मालक मला जाऊ देईनात, तरी मी गेले. कवसाबाई मंजुळेचं डोकं मांडीवर घेऊन तिचे केस विंचरत होती. मग उठून तिनं डबीतलं कुंकू काढलं आणि तिच्या कपाळाला लावलं.

मी म्हणाले, "बाई, ते रांडव हाये ना? तिले कुंकू कसं?"

"लेकरू हाये ते," ती म्हणाली. "धर पायाकडून."

आम्ही दोघींनी तिला गाडीत ठेवलं. बैल कवसाबाईनंच हाकले. नाल्याच्या काठी लाकडं ओली होती, फार वेळ धरेनात. तिनं वाकून फुंकर घालून घालून जाळ केला, रोज चूल पेटवावी तसा. डोळे धुरानं लाल झाले होते. रडली असेल तर मला कळलं नाही.

दिवेलागणीला घरी आलो. आंघोळ करून मी माझ्या दाराकडे वळले, तशी ती भिंतीपाशी आली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे चिमूटभर मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

"चंद्रे, आज माह्या घरी झोपतेस का?"

मी गेले. तिनं मला भिंतीकडची जागा दिली आणि स्वतः दाराशी आडवी झाली.

"बोल न व काही," ती म्हणाली.

"काय बोलू, बाई?"

"काही बी. घरात कोणाचा आवाज राहू दे."

मी पावसाबद्दल, वावराबद्दल, सुचेल ते बोलत राहिले. ती हूं, हूं म्हणत होती.